दर्याला न कळणारा शब्द

घिवलीच्या साखरबाईला इंग्रजीतला एकच शब्द येत होता, आणि त्या एका शब्दावर तिनं चौदा वर्षं कॉलनी जेवू घातली. कॉलनीतल्या साहेबांना तसे शब्द शेकड्यांनी येत. त्या शब्दांवर त्यांनी कोणाला जेवू घातलं, हे विचारण्यात अर्थ नाही.

शब्द होता 'फ्रेश'. तो तिच्या तोंडी कसा बसला हे कळायचं तर आधी तिची सासू गोदूबाई कळायला हवी. गोदूबाईनं उभ्या जन्मात दोन गोष्टी केल्या नाहीत. पायात चप्पल घातली नाही, आणि मासळीच्या टोपलीवर हात ठेवून खोटं बोलली नाही. एरवी ती भरपूर खोटं बोले. जावेशी बोले, नणंदेशी बोले, नवस फेडायची वेळ आली की देवाशीही बोले. पण टोपली पुढ्यात असली, घरचा पुरुष दर्यावर असला आणि गिऱ्हाइकानं "ताजी हाय का?" विचारलं, की जे असेल तेच सांगायचं. आजची तर आजची, कालची तर कालची, बर्फात ठेवलेली असेल तर बर्फाची.

"टोपलीवर हात ठेवून खोटं बोललीस ना, का ते दर्याला ऐकू जातं," असं ती लग्न होऊन आलेल्या साखरबाईला पहिल्याच आठवड्यात म्हणाली. "मंग दर्या रुसतो. आनि दर्या रुसला का नवऱ्याचं काय होतं, ते तुला सांगायला नको."

साऱ्या गावात हा नेम होता असं नाही. शेजारच्या बायका टोपलीवर दोन्ही हात ठेवून वाटेल ते बोलत आणि त्यांचे नवरे धडधाकट घरी येत. पण हे साखरबाईला दाखवून देण्याची कोणाची टाप नव्हती. तिचा दामू रोज भरती-ओहोटीच्या हिशोबानं होडी घेऊन जाई, आणि तो परत येईपर्यंत तिच्या तोंडून टोपलीवर एक वाकडा शब्द निघत नसे. सासू वारली तरी नेम राहिला. माणसं गेली की त्यांची भीती घरात राहते, वाटणीत तीच आधी येते.

आता खरं बोलणाऱ्याची मासळी उशिरा खपते, हे सांगायला कोणी शहाणा नको. त्यात घिवलीच्या किनाऱ्यावर चांगली मोठी मासळी उतरली की व्यापाऱ्याचा ट्रक ती तिथूनच उचलून मुंबईला नेई. घरच्या वाट्याची थोडी ताजी उरे. टोपली भरायला साखरबाई व्यापाऱ्याच्या पेटीतली मागे राहिलेली, दोन-तीन दिवस बर्फात झोपलेली मासळी घेई. ती विकताना "बर्फाची हाय" असं आपल्याच तोंडानं सांगे, आणि गिऱ्हाईक नाक मुरडून पुढच्या बाईकडे जाई.

त्र्याहत्तर साली बोईसरच्या अंगाला एका कारखान्याची कॉलनी उभी राहिली. कारखान्याचं नाव सोडून द्या, तसे तिथे पुष्कळ होते. कॉलनीला भिंत होती, फाटक होतं, फाटकावर वॉचमन होता, आणि आतल्या रस्त्यांना फुलांची नावं होती. फूल मात्र औषधाला नव्हतं. पुढच्या ओळीत साहेबांचे बंगले, मधे बाबू लोकांचे ब्लॉक, आणि अगदी मागे, नाल्याच्या कडेला, कामगारांच्या दोन-दोन खोल्या. सगळी माणसं घाटावरची. समुद्र त्यांनी सहलीला पाहिलेला.

साखरबाई टोपली घेऊन पहिल्यांदा आत शिरली त्या दिवशी तिला नर्मदाबाईंनी हाक मारली. नर्मदाबाई म्हणजे कॉलनीचे वेल्फेअर ऑफिसर खंडेराव यांच्या सौभाग्यवती. त्या गॅलरीतून वाकून म्हणाल्या, "ए, फ्रेश आहे ना?"

टोपलीत त्या दिवशी झाडून सगळी बर्फाची होती. साखरबाईनं विचारलं, "म्हंजे काय बाईसाहेब?"

"अगं, फ्रेश! फ्रेश कळत नाही? फ्रेश!" नर्मदाबाईंनी समजावून सांगितलं. शिकलेली माणसं अशीच समजावतात. तोच शब्द तीनदा, दर वेळी थोडा मोठ्यानं.

ऊन चढत होतं, टोपलीतून बर्फाचं पाणी मानेवर ओघळत होतं. साखरबाई टोपलीवर हात ठेवून म्हणाली, "हां, फ्रेश!" अर्ध्या तासात टोपली रिकामी झाली. नाक मुरडणं नाही, घासाघीस नाही.

निघताना तिनं वॉचमनला त्या शब्दाचा अर्थ विचारला. त्यानं तो सांगितला. ताजी! टोपलीवर हात ठेवून, दामू दर्यावर असताना, बर्फाच्या मासळीला तिनं ताजी म्हटलं होतं. घरी न जाता ती तशीच किनाऱ्यावर जाऊन बसली. पोटात अन्नाचा कण नाही. तिन्हीसांजेला दामूची होडी दिसली आणि जवळ आली, तेव्हा ती पाण्यात इतकी खाली बसलेली होती की साखरबाईला वाटलं, बुडतेच आहे. बुडत नव्हती. भरलेली होती. महिन्याभरात लागलं नव्हतं एवढं म्हावरं त्या दिवशी लागलं होतं.

मग साखरबाईनं नीट विचार केला. तिचं डोकं तल्लख होतं, फक्त शाळेत बसवलेलं नव्हतं. दर्याला आपली बोली येते, पुस्तकातलं मराठीही येत असेल, डहाणूकडचे खलाशी गुजरातीत हाका मारतात तेही त्याला समजत असेल. पण इंग्रजी? दर्या कुठल्या शाळेत गेला होता?

अशा रीतीनं चूक पक्की झाली आणि धंदा बसला. 'ताजी' हा शब्द खऱ्याचा. तो आजच्या मासळीलाच लावायचा. 'फ्रेश' हा साहेबांचा, तो बर्फाच्या मासळीला. तिनं स्वतःहून कोणाला फसवलं नाही, एवढं तिच्या बाजूनं म्हणता येईल. ज्यानं ज्या भाषेत विचारलं त्याला त्या भाषेतलं उत्तर मिळालं. आता साऱ्या कॉलनीनं इंग्रजीत विचारलं, यात तिचा काय दोष?

साऱ्या म्हणजे एक सोडून. मागच्या ओळीत परभणीकडची मैनाबाई राहायची. तिचा नवरा रामकिसन बॉयलरवर होता. पहिल्याच दिवशी ती टोपलीपुढे उकिडवी बसून म्हणाली, "आवं बाई, ही ताजी हाय का शिळी? मला काई कळत नाही बघा ह्यातलं. आमच्याकडं गोदावरीचे मासे, तेबी कधी मधी."

झालं! साखरबाईचा हात टोपलीवर, आणि प्रश्न निव्वळ मराठीत. ती म्हणाली, "ही वरची नको घेव. ही बर्फाची हाय. खाली घरच्यासाठी ठेवलेली हाय, ती देते." तेवढ्यावर न थांबता तिनं मैनाबाईला मासळी पाहायला शिकवलं. कल्ले उघडून लाल आहेत का बघ. डोळा आत गेलेला नको. कल्ल्यापाशी दाब, पांढरं पाणी आलं तर ताजी, तांबूस आलं तर पुढे चाल. मैनाबाईनं ते सगळं नीट ध्यानात ठेवलं.

तेव्हापासून चौदा वर्षं कॉलनीतली सगळ्यात चांगली मासळी नाल्याकडेच्या दोन खोल्यांत शिजली, आणि बंगल्यांत बर्फ शिजला. मागच्या ओळीतून वारा सुटला की नर्मदाबाई रुमाल नाकाला लावून म्हणत, "काय बाई खातात ही लोकं! वास बघ."

पुढे पुढे साखरबाई या शब्दाचा संसार न्याहाळू लागली. साहेबलोक तो फक्त मासळीला लावत नसत. मासळी घ्यायला बोलावून नर्मदाबाई म्हणत, "थांब हं, मी जरा फ्रेश होऊन येते," आणि पाऊण तास तिला दारात उभी करत. मग त्या बाहेर येत त्या थंडगार, पांढऱ्याफटक आणि कसलाच वास नसलेल्या. साखरबाईला वाटे, आपण या शब्दाचा अर्थ बरोबर लावला आहे. बर्फातून काढल्यावर असंच दिसतं.

खरी ओळख पटली ती ब्याऐंशी साली, तिच्या सुलूसाठी. सुलू दहावी पास झालेली. कॉलनीच्या बालवाडीत मदतनीस हवी होती, म्हणून साखरबाईनं खंडेरावांकडे अर्ज दिला. खंडेराव चष्मा पुसत म्हणाले, "छान. कळवतो." कळवलं नाही. वर्षानं गेली तर म्हणाले, "तो अर्ज जुना झाला, आता फ्रेश अर्ज द्या." दिला. मग म्हणाले, "अडचण अशी आहे की मुलगी अगदीच फ्रेश आहे, अनुभव हवा." तिसऱ्या वर्षी म्हणाले, "फॉर्म बदललाय, फ्रेश फॉर्म भरा." दरम्यान बालवाडीत खंडेरावांची मेव्हणी मुलांना 'हात धुवा' शिकवू लागली होती.

घरी येऊन साखरबाई सुलूला म्हणाली, "नको देऊस आता. तो पन बर्फाची विकतो."

तिनं एका वाक्यात कचेरी ओळखली. खंडेराव वाईट माणूस नव्हता. "बाई, तुमच्या पोरीचा अर्ज माझ्या खालच्या खणात पडलाय आणि जागा मी घरच्या माणसाला दिली," हे मराठीत सांगायची त्याला लाजच वाटली असती. मायबोलीत खोटं बोलताना आई-बाप ऐकतायत असं वाटतं. इंग्रजीत कोणी ऐकत नाही. माझ्या मते या देशात इंग्रजी एवढं फोफावलं ते ज्ञानासाठी नव्हे, या सोयीसाठी. सुलू मग एमआयडीसीत औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटांना लेबलं लावायला जाऊ लागली. तिच्या लेबलांवर काय लिहिलेलं असे, ते तिनं आईला कधी वाचून दाखवलं नाही.

सत्याऐंशी साली कॉलनीच्या कमिटीनं ठराव केला. यापुढे मासळीवाल्या बायकांनी दारोदार फिरायचं नाही. फाटकाच्या आत एक ओटा बांधायचा, त्यावर पत्रा, शेजारी नळ. तिथे एकच विक्रेता बसेल, बाकी सगळे फाटकाबाहेर.

साखरबाईचे गुडघे तोवर गेले होते. टोपली डोक्यावरून उतरवताना तिच्या तोंडून 'आई गं' निघे, आणि चढवताना तर डोळ्यांत पाणी येई. ओटा मिळाला तर मरेपर्यंत सावलीत बसून विकता येणार होतं. नाही मिळाला तर चौदा वर्षांची घरं भिंतीच्या आत राहणार आणि ती भिंतीच्या बाहेर. दुसरीकडे जावं तर बोईसरचा बाजार आधीच बायकांनी भरलेला. तिथे नवीन बसणारीला शेजारीण जागा देत नाही, शिव्या देते. तिला तो ओटा हवाच होता. देवाकडे तिनं दुसरं काही मागितलं नाही.

समोर उभा होता बोईसरचा कमलाकांत. त्याच्याकडे टेम्पो होता, पांढऱ्या पेट्या होत्या, आणि टेम्पोवर रंगवलेला 'फ्रेश फिश' हा बोर्ड. दोघांत निवड कशी करायची? कमिटीत शिकलेली माणसं असल्यामुळे त्यांनी परीक्षा घ्यायचं ठरवलं. रविवारी सकाळी हॉलमध्ये दोघांनी आपापली मासळी आणायची, आणि तिघांनी तपासायची. अध्यक्ष नर्मदाबाई, सेक्रेटरी खंडेराव, आणि तिसरे कारखान्यात रंगाची पावडर तपासणारे एक साहेब. पावडर तपासता येते त्याला मासळी का येऊ नये?

साखरबाई दामूला म्हणाली, "आयतवारी मला ताजी पायजे. बर्फाचा खडा पन नको."

"आज काय, साहेबांवर परेम आलं काय?" दामू म्हणाला. पण त्यानं तिचं ऐकलं. रविवारी दिवस उगवायला सहा सरंगे तिच्या टोपलीत ठेवून तो ओहोटीबरोबर पुन्हा जाळी बघायला निघून गेला. सरंगे म्हणजे पापलेटच, पण असे कॉलनीनं जन्मात पाहिले नव्हते. अंगावर चिकट लाळ, डोळे टपोरे, अंग ताठ होऊन वाकडं झालेलं, आणि टोपलीभर दर्याचा वास. साखरबाईनं ते धुतलेही नाहीत. ताजेपणा कोणी धुऊन टाकतं का? टमटममध्ये बसताना ती खुशीत होती. चौदा वर्षांत पहिल्यांदा ती बंगल्यांना 'ताजी' म्हणणार होती, आणि तिला त्याचा अभिमान वाटत होता.

हॉलमध्ये दोन ताटं मांडली. कमलाकांतची पापलेटं आठ दिवसांची तरी असतील. पण धुतलेली, पांढरीस्वच्छ, इस्त्री केल्यासारखी सरळ. वास नावालाही नाही. तिघं आधी तिकडे गेले आणि त्यांच्या चेहऱ्यावर घरी आल्याचं समाधान पसरलं. मग ते साखरबाईच्या ताटाकडे आले. पावडरवाल्या साहेबांनी एक बोट लावलं, ते वर धरलं आणि म्हणाले, "स्टिकी आहे."

"वास येतोय," खंडेराव म्हणाले.

"आणि ही अशी वाकडी का?" नर्मदाबाईंनी रुमाल काढला. "साखरबाई, अगं आज नेमकी शिळी आणलीस? एरवी किती छान आणतेस! कसला वास नाही, काही नाही."

साखरबाई रागावेल तरी कोणावर? या जिभा, ही नाकं, ही बोटं तिनंच घडवली होती. चौदा वर्षं तिनं त्यांना पढवलं होतं की थंड, पांढरी आणि बिनवासाची तीच चांगली. आज तिचेच विद्यार्थी तिला नापास करत होते, आणि धडा त्यांनी अगदी चोख पाठ केलेला होता.

खंडेराव कागदावर निकाल लिहू लागले, तेवढ्यात मागून आवाज आला, "आवं, थांबा की."

मैनाबाई होती. कॉलनीच्या सभेला मागच्या ओळीतल्या बायका येत त्या उभ्या राहायला. बोलायला कोणी येत नसे. ती पदर खोचून पुढे आली, साखरबाईच्या ताटातला सरंगा उचलला आणि कल्ल्यापाशी दाबला. पांढरं पाणी आलं. मग कमलाकांतचं पापलेट उचलून दाबलं. तांबूस, पातळ पाणी तिच्या मनगटावरून ओघळलं.

"ही ताजी," ती म्हणाली, "आन् ही बर्फातली. मला साखरबाईनंच शिकिवलंय. चौदा वर्षं मी हीच खाते."

तिनं हे सगळं मायेनं केलं. मायेनं केलेल्या मदतीइतकं नुकसान दुश्मनालाही जमत नाही.

नर्मदाबाईंना मासळी कळत नव्हती, पण 'तिला मिळालं आणि मला नाही' हे त्यांना कुठल्याही भाषेत लगेच कळे. त्या लालबुंद झाल्या. "तू हीच खातेस? मग आम्हाला अशी चिकट, वाकडी एकदाही कशी नाही मिळाली?" त्या साखरबाईकडे वळल्या, आणि संतापाच्या भरात, चौदा वर्षांत पहिल्यांदाच, त्यांच्या तोंडून हा प्रश्न शुद्ध मराठीत निघाला. "खरं सांग. इतकी वर्षं आम्हाला दिलीस ती मासळी ताजी होती का?"

साखरबाईचा हात टोपलीवर होता. सवयीनं ठेवलेला.

खंडेरावांना जेवायची घाई होती. ते दयाळूपणे म्हणाले, "अगं, फ्रेश होती म्हण आणि संपव. पुढचं मी बघतो." मैनाबाईही डोळ्यांनी तेच विनवत होती. आपण काय करून बसलो हे तिला आता कळलं होतं. वाट मोकळी होती. एक शब्द म्हणायचा, तो तर रोजचाच होता. किंवा हात उचलायचा आणि मग काय वाटेल ते बोलायचं. ओटा अजून जवळजवळ तिचाच होता.

पण विचारलं होतं ताजी का म्हणून, आणि दामू सकाळच्या ओहोटीला गेला होता.

"नाय," साखरबाई म्हणाली. "बर्फाची होती. सगली वर्षं बर्फाचीच होती, बाईसाहेब."

ओटा कमलाकांतला मिळाला. त्याच्या पापलेटातलं तांबूस पाणी सगळ्यांनी पाहिलं होतं, तरी मिळाला. त्यानं कोणाला काही सांगितलंच नव्हतं, त्यामुळे तो खोटं बोलल्याचा प्रश्न आला नाही. कमिटीच्या वहीत साखरबाईच्या नावापुढे 'फसवणूक' असा शब्द लिहिला गेला, तोही मराठीत. कॉलनीला बर्फ खाल्ल्याचं दुःख नव्हतंच म्हणा. मागच्या ओळीतल्या एकीनं त्याच भावात ताजी खाल्ली, हे दुःख होतं. वर्षभर बायका मैनाबाईला हळदीकुंकवाला बोलवायला विसरत राहिल्या.

दामू त्या संध्याकाळी सुखरूप आला. तो जेवत असताना साखरबाईनं त्याला सगळं सांगितलं. शब्द, नेम, चौदा वर्षं, ओटा. दामू पोट धरून हसला.

"येडी गो तू! दर्याला इंग्रजी नाय येत? होडीवर आमी दिवसभर काय बोलतो? मशीन बोलतो, गेर बोलतो, डिझल बोलतो, नायलानची जाली बोलतो. तुज्या साहेबांपेक्षा दर्याला जास्त येत असंल."

साखरबाईचा घास हातातच राहिला. "म्हंजे त्यानं समदं ऐकलं?"

"ऐकलं असंल तर ऐकलं. मी आलो ना रोज घरी?" असं म्हणून दामूनं आणखी भात मागितला.

त्याला ते एवढ्यावर मिटलं. तिला मिटलं नाही. दर्या आपल्याकडे लक्षच देत नाही असं धरलं तर सासूचा नेम फुकट, आणि त्या नेमापायी गमावलेला ओटाही फुकट. आणि त्यानं सारं ऐकूनही रोज नवरा परत दिला असं धरलं तर तिला आणखी लाज वाटे. त्या दिवसापासून तिनं तो शब्द टाकला.

पुढे ती फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसू लागली. सुलू लग्न करून मनोरला गेली. किनाऱ्याजवळ मासळी लागेनाशी झाली. कोणी मोठ्या ट्रॉलरांना शिव्या घातल्या, कोणी नशिबाला. घिवलीच्या होड्या बर्फ भरून घेऊन चार-चार, पाच-पाच दिवस लांब जाऊ लागल्या. दामू थकला, त्यानं होडी पुतण्याला दिली. ब्याण्णव-त्र्याण्णवपर्यंत गावात अशी वेळ आली की कोळणीच्या घरीही बर्फाचीच शिजायची.

आणि नेमक्या त्याच वेळी कॉलनीला ताजीची चव सुचली. कमलाकांतच्या ओट्यावर पंखा होता, फरशी होती, पण आता बायकांना मैनाबाईला मिळायची तसली हवी होती. एकेक जण चेहऱ्यावर पदर ओढून फाटकाबाहेर येई. नर्मदाबाई आल्या त्या तर रिक्षा लांब उभी करून. गोणपाटापुढे वाकून हळूच म्हणाल्या, "साखरबाई, झालं गेलं विसर. मला ती ताजी दे."

"ताजी नाय बाईसाहेब. बर्फाची हाय. पाच दिसांची."

नर्मदाबाई गालात हसल्या. "कळलं, कळलं. सगळ्यांसमोर तसंच म्हणायचं." आणि दोन सरंगे पिशवीत घालून, मोठी बाजी मारल्यासारख्या निघून गेल्या. साखरबाई मागून ओरडली, "खरंच बर्फाची हाय!" शेजारच्या दोन गिऱ्हाइकांनी ते ऐकलं आणि लगेच उरलेली घेऊन टाकली. तिनं खोटं सांगितलं तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला. आता खरं सांगत होती, तर तिच्या तोंडाकडे बघून सगळे डोळा मारत. धंदा मात्र कधी नव्हता तितका चालला.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात रामकिसन रिटायर झाला. परभणीला जाण्याच्या आदल्या दिवशी मैनाबाई फाटकाबाहेर आली आणि गोणपाटापुढे, पहिल्या दिवशी बसली होती तशीच उकिडवी बसली. त्या रविवारनंतर दोघी या विषयावर एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

"नको घेव, मैना," साखरबाई म्हणाली. "बर्फाची हाय."

मैनाबाईनं सरंगा उचलला. कल्ल्यापाशी दाबला. तांबूस पाणी आलं. तिनं बोट लुगड्याला पुसलं.

"व्हय गं," ती म्हणाली. "बर्फाचीच हाय."

साखरबाईला हुंदका आला. भर रस्त्यात, गिऱ्हाइकांसमोर, टोपलीवर वाकून ती रडली. आता तिच्या खऱ्या बोलण्यावर विश्वास ठेवणारं एवढं एकच माणूस होतं, आणि ते उद्या सकाळच्या गाडीनं चाललं होतं.

मैनाबाईनं तिला रडू दिलं. मग ती म्हणाली, "दे बांधून एक. आज रातच्याला तीच करते."